पडीक फिशटँक पुन्हा वापरताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : घरची दोन फुटी काचेची टाकी काही वर्षं कोठ्यात पडून आहे. काचेवर पांढरे पट्टे, तळाला रेती आणि वाळलेलं शेवाळ. कपड्याची पावडर टाकून कढत पाण्यानं धुतली तर चालेल का? (ता. दर्यापूर)

दोन्ही नको. पावडरचा अंश सिलिकॉनच्या जोडांत राहतो आणि पुढे माशांच्या कल्ल्यांना इजा करतो. थंड काचेवर कढत पाणी पडलं तर तडा जातो.

टाकी कोरडी असतानाच रेती आणि शेवाळ काढून टाका. जुनी रेती धुण्यात वेळ घालवू नका, नवी घ्या. राहिला पांढरा थर. पूर्णा खोऱ्यातल्या खारपाण पट्ट्यात बोअरचं पाणी वापरलं की तो येणारच. तो बहुतेक कॅल्शियमचा क्षार असतो. घासून हात दुखतात, थर जात नाही. तो आम्लात विरघळतो. किराणा दुकानात मिळणारं लिंबूसत लिटरभर कोमट पाण्यात ५० ग्रॅम विरघळवा. टाकी आडवी करा, म्हणजे खराब काच खाली येईल. त्या पाण्यात सुती फडकं भिजवून थरावर पसरा आणि तासभर ओलं ठेवा. बारीक बुडबुडे दिसले की काम सुरू झालं. मग ओल्या काचेवर ब्लेड तिरकं धरून थर खरवडा. जोडापासून बोटभर आधी थांबा आणि कोपऱ्यात जुना टूथब्रश वापरा. धुतल्यावर गळायला लागलेल्या टाक्यांत बहुतेक वेळा ब्लेडनं सिलिकॉन कापलेलं असतं. अ‍ॅक्रिलिकच्या टाकीला मात्र ब्लेड लावूच नका, कायमचे ओरखडे पडतात.

थर पुन्हा लवकर जमू नये म्हणून एक करा. उन्हाळ्यात टाकीतलं पाणी उडतं, क्षार मागे राहतो. उडालेल्या पाण्याची भर आरओच्या किंवा स्वच्छ साठवलेल्या पावसाच्या पाण्यानं घाला, बोअरच्या नाही.

प्रश्न : जुन्या टाकीतले मासे रोगानं मेले होते. ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती टीसीएल (ब्लीचिंग) पावडर निर्जंतुक करायला वापरता येईल का? (ता. तेल्हारा)

येईल, पण क्रम चुकवू नका. आधी लिंबूसतानं थर काढा, साध्या पाण्यानं टाकी तीन-चार वेळा खळखळून धुवा आणि त्यानंतरच टीसीएल वापरा. आम्ल आणि टीसीएल एकत्र आले तर क्लोरीन वायू निघतो. बंद खोलीत तो जीवावर बेतू शकतो. म्हणून हे काम अंगणातच करा, हातमोजे घाला, लेकरांना लांब ठेवा.

दहा लिटर पाण्यात १५ ते २० ग्रॅम पावडर प्लास्टिकच्या बादलीत ढवळा, चुना तळाला बसू द्या आणि फक्त वरचं नितळ पाणी घ्या. स्पंजनं सगळ्या काचा अर्धा तास ओल्या ठेवा. पिशवी बरेच दिवस उघडी राहिली असेल तर पावडरचा जोर गेलेला असतो. वासच येत नसेल तर ती वापरू नका. घाण काढण्याआधी टीसीएल लावण्यातही अर्थ नाही, क्लोरीन त्या घाणीतच खर्ची पडतं. शेवटी टाकी भरपूर धुवा, मग पाण्यानं भरून त्यात अँटीक्लोरीन (उरलेलं क्लोरीन घालवणारं औषध) टाका, ते पाणी ओतून द्या आणि टाकी दोन दिवस उन्हात वाळवा.

प्रश्न : टाकीत कपाशीच्या आणि संत्र्याच्या फवारणीची औषधं ठेवली होती. एक बाटली आत सांडली. कितीदा धुतली म्हणजे मासे ठेवता येतील? (ता. वरूड)

कितीही धुतली तरी ठेवू नका. सायपरमेथ्रीनसारखी कीटकनाशकं अगदी सूक्ष्म प्रमाणातही माशांना मारतात. सिलिकॉन ती शोषून घेतं आणि नंतर हळूहळू पाण्यात सोडतं. काच लखलखीत दिसली म्हणून फसू नका. सांडलेलं बोर्डो मिश्रण असेल तर त्यातल्या मोरचुदाचं तांबं गोगलगायींना आणि कोळंबीला आधी संपवतं. ही टाकी माशांसाठी बाद समजा. धुतलेलं पाणीही नाल्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका.

औषधं नुसती त्याच खोलीत असतील आणि टाकीत काही सांडलं नसेल तर ती नीट धुऊन वापरता येते. फक्त जुनी नळी आणि स्पंज फेका. फवारणीची बादली या कामाला कधीच घेऊ नका.

प्रश्न : टाकी धुऊन झाली. मासे कधी सोडायचे? (ता. तिवसा)

आधी गळती तपासा. सपाट टेबलावर थर्माकोल घालून त्यावर टाकी ठेवा. दोन फूट लांब आणि फूटभर रुंद-उंच टाकीत साधारण ५६ लिटर पाणी मावतं, म्हणजे नुसत्या पाण्याचंच वजन ५६ किलो. टेबल तेवढं मजबूत हवं. खाली कोरडा कागद पसरून दोन दिवस थांबा. जोड पाझरत असेल तर वरून नवं सिलिकॉन फासू नका, जुन्यावर ते धरत नाही. त्या जोडाचं आतलं सिलिकॉन पूर्ण काढून नवं भरा. बुरशीरोधक लिहिलेली ट्यूब घेऊ नका. भरल्यावर आठवडाभर वाळू द्या.

वाळलेल्या फिल्टरमधले उपयोगी जिवाणू मेलेले असतात, नवे तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर दोन-तीन गप्पी पुरेत, खाद्यही चिमूटभरच. ओळखीच्यांच्या निरोगी टाकीतला वापरता स्पंज मिळाला तर हा काळ कमी होतो. एअर पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा किंवा नळीला एकदिशा व्हॉल्व्ह लावा; भारनियमनात पंप बंद पडला की पाणी नळीतून उलटं पंपात येतं.