वाचकांचे प्रश्न : गावच्या इतिहासात बाहेरून आलेल्यांचे स्थान

प्रश्न : आमचे ग्रामवाचनालय गावातील कर्तृत्ववान घराण्यांविषयी एक प्रदर्शन भरवत आहे. त्यात बेने इस्रायली, म्हणजे कोकणातील ज्यू घराण्यांना जागा द्यावी असे काही सभासदांनी सुचवले, तेव्हा ‘ते मुळात समुद्रापलीकडून आलेले आणि आता बहुतेक निघूनही गेलेले, मग त्यांचे कौतुक कशाला?’ असा आक्षेप आला. आपले मत काय?
– कार्यवाह, ग्रामवाचनालय, ता. अलिबाग

उत्तर : जागा अवश्य द्यावी, आणि तीही दर्शनी. नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटले आणि त्यातून वाचलेल्या सात जोडप्यांपासून हा समाज वाढला, असे त्यांची परंपरा सांगते. ते नेमके कधी आले याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत, परंतु आल्यावर त्यांनी काय केले हे आपल्या भागातील जुन्या माणसांना ठाऊक आहे. गावोगावी त्यांनी तेलाचे घाणे चालवले, शेती केली, शब्बाथ (ज्यू धर्मातील साप्ताहिक विश्रांतीचा दिवस) पाळण्यासाठी शनिवारी घाणा बंद ठेवला, आणि गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हणून आपल्यात धरले. त्यांची घरची भाषा मराठी झाली. बायबलमधील कथांवर त्यांनी मराठीत कीर्तने रचली, आणि एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने ते जो मलिदा (नैवेद्याचा विधी) करतात, त्यात आपल्याच परसातले पोहे, ओले खोबरे आणि फळे असतात.

पुढे ही मंडळी सैन्यात, रुग्णालयांत, शाळांत आणि कचेऱ्यांत दिसू लागली. कंपनी सरकारच्या फौजेतील सॅम्युएल दिवेकर यांनी १७९६ मध्ये मुंबईतील पहिले सिनेगॉग (ज्यूंचे प्रार्थनास्थळ) बांधले. महालक्ष्मी-वरळी भागातील रस्त्याला ज्यांचे नाव आहे, ते डॉ. ई. मोझेस १९३७ मध्ये मुंबईचे महापौर झाले. निसीम इझिकेल यांना इंग्रजी कवितेसाठी १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तथापि प्रदर्शनात सर्वांत मोठी जागा मी डॉ. जेरुशा झिराड यांना देईन, कारण ते आडनाव आपल्याच तालुक्यातील झिराड गावचे आहे. लंडन विद्यापीठाची एम.डी. पदवी घेऊन त्या परतल्या, मुंबईच्या कामा रुग्णालयाच्या प्रमुख झाल्या, आणि बाळंतपणात स्त्रिया का दगावतात याची मुंबईतील पाहणी त्यांनी १९३७-३८ मध्ये केली. ज्या काळी बाळंतिणीचा मृत्यू नशिबावर ढकलून घरचे लोक मोकळे होत, त्या काळी एका स्त्री-डॉक्टरने त्या मृत्यूंची कारणे शोधून नोंदवावीत, हे देशाच्या आरोग्यसेवेवरचे फार मोठे ऋण आहे. १९६६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

‘निघून गेले’ हा आक्षेपही तपासून पाहावा. १९४८ नंतर यांतील पुष्कळ कुटुंबे इस्रायलला गेली, आणि तिथे ती नवखी ठरली. ते खरे ज्यू आहेत की नाहीत, त्यांच्याशी विवाहसंबंध करावेत की नाहीत, असे प्रश्न तिथल्या धर्माधिकाऱ्यांनी काढले, आणि आंदोलने केल्यावर १९६४ मध्ये त्यांना पूर्ण मान्यता मिळाली. अशा अवस्थेतही त्यांनी मराठी सोडली नाही, उलट ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक तिथून काढले. आपल्याकडून गेलेल्यांना तिथे परके म्हटले की आपल्याला वाईट वाटते, आणि आपल्या गावात आलेल्यांबद्दल मात्र आपण तोच प्रश्न विचारतो, याचा सभासदांनी शांतपणे विचार करावा.

एक सूचना. केवळ नामवंतांची छायाचित्रे लावू नयेत. एखाद्या घरी जुन्या घाण्याचे अवशेष असतील, मलिद्याची कृती कोणी मराठीत लिहून ठेवली असेल, तर त्या घराण्याच्या संमतीने तेही मांडावे. अलिबागच्या इस्रायल आळीतील १८४८ च्या मागेन अवोत सिनेगॉगची माहितीही द्यावी. (जंजिऱ्याच्या सिद्द्यांविषयीही काहींनी विचारले आहे. तो विषय मोठा असल्याने स्वतंत्रपणे घेऊ.)

प्रश्न : आमच्या हापूसच्या बागेत काही वर्षांपासून एक नेपाळी कुटुंब राखणीला असते. ‘आंबा पिकवणारे हात’ या कार्यक्रमात त्यांचाही सत्कार करावा असे मला वाटते, पण ‘परदेशी माणसांचा सत्कार कसा?’ असे विचारले जाते. शिवाय त्यांची आठ वर्षांची मुलगी कागदपत्रांअभावी शाळेत जात नाही.
– एक बागायतदार भगिनी, ता. राजापूर

उत्तर : ताई, सत्कार जरूर करा. मोहोर आल्यापासून वानरांपासून आणि चोरांपासून कलमे राखणे, फवारणीची टाकी ओढणे, भर उन्हात झेल्याने (जाळी लावलेल्या काठीने) देठासकट फळ उतरवणे आणि पेट्या भरणे, ही सगळी कामे आज रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या बागांत नेपाळी माणसे करत आहेत. बंदरांवरील मासेमारी नौकांवरही खलाशी म्हणून ती दिसतात. हापूसचे नाव देशभर आणि देशाबाहेर गेले, त्यात त्यांच्या श्रमाचा वाटा आहे. १९५० च्या भारत-नेपाळ करारानुसार दोन्ही देशांच्या नागरिकांना एकमेकांकडे राहण्याची आणि काम करण्याची मुभा आहे, त्यामुळे ही माणसे हक्काने इथे आहेत, कोणाच्या मेहेरबानीने नव्हेत.

मुलीची गोष्ट मला सत्कारापेक्षा महत्त्वाची वाटते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सहा ते चौदा वयाच्या मुलाला जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आणि वर्ष सुरू झाल्यावर आलेल्या मुलालाही वयानुरूप वर्गात घ्यावे लागते. हंगाम संपल्यावर हे कुटुंब गावी जाऊन पावसाळ्यानंतर परतत असेल, तरी अडचण नाही. आपण स्वतः त्या आईवडिलांबरोबर शाळेत जावे, कारण भाषा आणि भीती या दोन्हींमुळे ती माणसे मुख्याध्यापकांच्या दारातूनच मागे फिरतात. नकार मिळाल्यास तो लेखी मागावा आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा.