प्रसरण, तफावत की प्रचरण?

लातूरच्या एका विद्यार्थिनीने विचारलंय: तूरडाळीच्या पाकिटाची तीन डिझाइनं नऊ दुकानांत ठेवून विक्री मोजली, त्यावर ‘अनोव्हा’ (ॲनालिसिस ऑफ व्हेरियन्स, म्हणजे गटांच्या सरासऱ्यांतला फरक खरा की योगायोगाचा हे तपासणारी संख्याशास्त्रातली चाचणी) केली. अहवाल मराठीत द्यायचाय. मैत्रीण म्हणते ‘प्रसरण विश्लेषण’ लिही. वडील मोंढ्यात आडतीवर असतात, ते म्हणतात सरळ ‘तफावतीचं विश्लेषण’ लिही.

‘प्रचरण विश्लेषण’ लिहा. प्रचरण म्हणजे व्हेरियन्स.

‘प्रसरण’ हिंदी पुस्तकातलं आहे आणि हिंदीत ते बरोबर आहे. मराठीत प्रसरण म्हणजे तापल्यावर लोखंड वाढतं ते. रुळांच्या सांध्यातली फट आपण शाळेत त्याचसाठी शिकलो. पाकिटाचं प्रसरण म्हटलं की डोळ्यांपुढे फुगलेलं पाकीटच येणार.

वडिलांचा शब्द सोडताना मात्र मला जड जातं, कारण तो रोजच्या तोंडातला आहे. पण मोंढ्यात तफावत केव्हा म्हणतात? पट्टीवर ५० किलो लिहिलंय आणि काट्यावर ४९ भरलं, तेव्हा. दोन आकडे जुळायला हवे होते, जुळले नाहीत. प्रचरण असं दोन आकड्यांतलं अंतर नव्हे. प्रत्येक आकडा सरासरीपासून किती लांब, त्याचा वर्ग करून काढलेलं ते माप आहे.

समजा, पहिलं डिझाइन तीन दुकानांत २०, २२, २४ खपलं. दुसरं ३०, ३२, ३४. तिसरं २५, २७, २९. सरासऱ्या २२, ३२, २७. डिझाइनांमधलं प्रचरण ७५ येतं, एकाच डिझाइनच्या दुकानादुकानांतलं ४. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की भागाकार १८.७५. या चाचणीच्या कोष्टकात ५ टक्के पातळीला मर्यादा ५.१४ आहे, भागाकार तिच्याहून मोठा, म्हणजे डिझाइनचा परिणाम दिसतो. आता विक्री १०, २२, ३४. २०, ३२, ४४. १५, २७, ३९ अशी धरा. सरासऱ्या त्याच, त्यांच्यातली तफावतही तीच. पण दुकानादुकानांतलं प्रचरण १४४ झालं, भागाकार ०.५२ वर आला. आता डिझाइनमुळे विक्री बदलली असं म्हणता येत नाही. ‘तफावतीचं विश्लेषण’ या नावात हे दुकानादुकानांतलं प्रचरण मावतच नाही, आणि सगळा निकाल त्याच्यावर ठरतो. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९१८ साली इंग्रजीत या मापाला ‘व्हेरियन्स’ हे वेगळं नाव दिलं, तसं ते मराठीतही वेगळंच हवं.

‘विचलन’ही नको, प्रमाण विचलन (स्टँडर्ड डेव्हिएशन) म्हणजे प्रचरणाचं वर्गमूळ. निष्कर्षात मात्र ‘सरासरी विक्रीत लक्षणीय फरक आढळला’ असं खुशाल लिहा. ते वाक्य वडिलांनाही लगेच कळेल.