वणव्यानंतर रान पुन्हा हिरवे होते, मग बागायतदार वणव्याला इतके का घाबरतात?

आपण कोकणातील वणव्यांबद्दल विचारले आहे. रत्नागिरी जिल्ह्यात माझी हापूसची लहानशी बाग आहे, त्या अनुभवावरून लिहितो.

जूनमध्ये दिसणारा हिरवेपणा बराचसा गवताचा असतो. ऐन आणि कुंभा यांच्या जाड सालीमुळे आतल्या जिवंत थरापर्यंत धग सहसा पोहोचत नाही, तर पळस आणि साग वरून जळाले तरी बुंध्यापासून पुन्हा फुटतात. पातळ सालीच्या सदाहरित झाडांची कोवळी रोपे मात्र दरवर्षीच्या आगीत टिकत नाहीत; परिणामी रान विरळ होत जाते, गवत वाढते आणि पुढच्या वणव्याला अधिक जळण मिळते.

बागेत हे फुटवे कामाचे नसतात. हापूसची फांदी रायवळीच्या, म्हणजे कोयीपासून वाढलेल्या गावठी आंब्याच्या, रोपावर जोडून कलम होते; ते जोडापर्यंत जळाले, तर खालून येणारी फूट रायवळीची असते, हापूसची नव्हे. म्हणजे झाड जगूनही बागायतदाराचे दहा-पंधरा वर्षांचे श्रम वाया जातात.

म्हणून आम्ही हिवाळ्यातच बागेभोवतीचे गवत कापून जाळरेषा, म्हणजे आग अडवणारा मोकळा पट्टा, काढतो. आग चढाला वेग घेते, त्यामुळे खालच्या अंगाचा पट्टा अधिक रुंद ठेवावा लागतो. कापलेले गवत सकाळी, आजूबाजूला दव असतानाच, थोडे थोडे जाळायचे आणि दोन्ही बाजूंना ओले टहाळे घेतलेली माणसे उभी करायची. बुंध्याजवळचा पातेरा (वाळका पाला) ओढून खड्ड्यात कुजवला की खतही होते. पाऊस नोव्हेंबरपर्यंत लांबला, तर गवत उशिरा वाळते आणि हे सारे वेळापत्रक मोहोराच्या फवारण्यांवर येऊन आदळते. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळाने दापोली-मंडणगड भागात असंख्य झाडे आडवी केली. असे मोडलेले लाकूड वेळेत उचलले नाही, तर उन्हाळ्यात तेच पेट घेते.

खरी अडचण, माझ्या मते, शेजारच्या पडीक जमिनीची आहे. मालक मुंबईला, गवत कमरेएवढे आणि मधला गडगा (दगडी बांध) आगीला काय अडवणार? आम्ही फोनवर विचारून त्यांच्या हद्दीतही दहा फूट साफ करतो, आणि कोणी सहसा नाही म्हणत नाही. परंतु सातबाऱ्यावर वीस-पंचवीस सहहिस्सेदार असले, की परवानगी नेमकी कोणाची घ्यायची, हेच कळत नाही, आणि बहुधा तो तुकडा तसाच राहतो.