वाचक विचारतात : पानिपतात पाहायचे तरी काय?

प्रश्न : माझे धाकटे दीर कामानिमित्त दिल्लीला गेले होते, तेव्हा मुद्दाम वाट वाकडी करून पानिपतला जाऊन आले. परतल्यावर म्हणाले, "वहिनी, तिथे काही नाही. एक बाग, विटांचा एक स्तंभ आणि भोवती लोखंडी कठडा." आमच्या शेजारच्या निवृत्त शिक्षिका मात्र त्याच स्तंभापाशी पोहोचल्या आणि त्यांना रडू आवरेना, असे त्या स्वतः सांगतात. एकाच जागेविषयी इतकी टोकाची मते कशी? येत्या संक्रांतीला आम्ही दोघे जायचे म्हणतो आहोत, जावे का? – एक वाचिका, सांगली

उत्तर : आपल्या दिरांनी जे सांगितले ते वर्णन म्हणून अचूक आहे. काला आंब येथील स्मारकात त्यांनी सांगितलेल्या गोष्टींपेक्षा फार काही नाही. चूक झाली असेल तर ती अपेक्षेत, आणि ती आपल्या सगळ्यांचीच होते. आपल्याला इतिहास पाहायची सवय किल्ल्यांनी लावली आहे. प्रतापगडावर किंवा पावनखिंडीत उभे राहिले की जमीनच अर्धी गोष्ट सांगते. कुठे अडवले, कुठून खाली उतरले हे वाटाड्याविनाही उमगते. पानिपतात तशी एक टेकडीही नाही. डोळा जाईल तिथवर सपाट शेते, मधून रस्ता, लांबवर कारखान्यांची धुराडी.

परंतु ही सपाटीच तिथे पाहायची असते. स्तंभाकडे पाठ करून दक्षिणेकडे, म्हणजे दिल्लीच्या दिशेला, तोंड करून उभे राहावे. अब्दाली अफगाणिस्तानातून आला म्हणून तो उत्तरेकडून चालून आला असणार, असे आपण मनाशी धरून जातो आणि उलट्या दिशेला पाहत बसतो. प्रत्यक्षात मराठे उत्तरेला होते. उत्तरेकडचा कुंजपुरा किल्ला घेऊन सदाशिवरावभाऊ पुढे गेले असताना अब्दालीने २५ ऑक्टोबर १७६० रोजी बागपतजवळ यमुना ओलांडली आणि तो त्यांच्या व दिल्लीच्या मध्ये येऊन बसला. दिल्लीची, आणि म्हणून घराची, वाट बंद झाली. त्यानंतर सुमारे अडीच महिने पानिपताभोवती खंदक खणून मराठ्यांची छावणी राहिली. तिच्यात लढणाऱ्यांइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, न लढणारे, म्हणजे बुणगे, होते. धान्य संपले, वैरण संपली, जनावरे मरू लागली. १४ जानेवारी १७६१ च्या सकाळी सैन्य बाहेर पडले ते उपासमारीने. बुणगे मध्ये घेऊन, तोफांच्या आडोशाने, गोलाची लढाई देत वाट काढावी, असा बेत होता. दुपारी विश्वासरावांना गोळी लागली आणि त्यानंतर फळी फुटली. फुटलेल्या सैन्याला आडोसा देणारी खिंड नाही, झाडी नाही, चढून बसावे असा गड नाही. पळणाऱ्याला पाठलाग करणारा कोसभर लांबूनही दिसतो. कापाकापीत जितके गेले त्याहून कितीतरी अधिक माणसे पाठलागात आणि दुसऱ्या दिवशीच्या कत्तलीत का गेली, हे त्या मैदानात दोन मिनिटे उभे राहिले की कळते. दिरांना 'काही नाही' असे जे दिसले, ते हेच.

शिक्षिकाबाईंचे रडूही खोटे नाही, पण ते त्या घरून घेऊन गेल्या होत्या. 'दोन मोत्ये गळाली, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये खुर्दा किती गेला याची गणती नाही' हा निरोप ज्याने लहानपणी ऐकला आहे, त्याला विटांचा ढीगही पुरतो. मात्र भाऊसाहेब नेमके त्या स्तंभाच्या जागीच पडले, असे धरून चालू नये. लढाई काही कोसांत पसरली होती, आणि त्यांचे पडणे तिथल्या आंब्याच्या झाडाशी जोडणारी हकीकत ही परंपरेने चालत आलेली आहे.

मी स्वतः गेलो होतो तेव्हा सकाळचे धुके इतके दाट होते की कठड्याच्या आतला स्तंभही बाहेरून दिसेना. शेजारच्या गव्हाला पाणी देत उभ्या असलेल्या शेतकऱ्याला वाट विचारली, तर त्याने उलट विचारले, "कौन सी लड़ाई देखने आए हो?" या प्रश्नाने मी चमकलो. आपल्यासाठी पानिपत एकच. तिथल्या माणसासाठी तीन. १५२६ मध्ये बाबराशी लढताना पडलेल्या इब्राहिम लोदीची कबर शहरात आहे, बाबराने विजयानंतर बांधलेली काबुली बाग मशीद आहे. १५५६ मध्ये अकबराच्या सैन्याशी झुंजलेला हेमू रेवाडीचा, म्हणून हरियाणातल्या लोकांना तो घरचा. अफगाण माणसाला तेच मैदान त्यांच्या 'अहमदशाह बाबा'च्या, म्हणजे अब्दालीच्या, विजयाचे वाटते.

अगदी त्या दिवशीसुद्धा पाहणाऱ्यांत भेद होताच. काशीराज पंडित हा दक्षिणी ब्राह्मण अब्दालीला मिळालेल्या अवधच्या नवाबाच्या, शुजाउद्दौल्याच्या, पदरी असल्यामुळे त्याने ही लढाई अब्दालीच्या बाजूने पाहिली आणि १७८० मध्ये फारसीत लिहून ठेवली. भाषा, जात, मुलूख मराठ्यांचा आणि उभा शत्रूच्या तळावर! विश्वासरावांच्या शवाची विटंबना होऊ नये, त्यावर हिंदू रीतीने संस्कार व्हावेत यासाठी शुजाने केलेली खटपट त्याच्यामुळेच आपल्याला कळते.

तेव्हा अवश्य जा, आणि दिरांनाही पुन्हा सोबत न्या.

प्रश्न : रक्ताने झाडाची पाने काळी पडली म्हणून 'काला आंब' हे नाव पडले, हे खरे का? – एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : ही लोककथा आहे. गर्द पानांमुळे झाड लांबून काळे दिसे, म्हणून हे नाव पडले असेल, असेही सांगतात. मला हे अधिक पटते. ते झाड पुढे वठले आणि आता त्या जागी स्तंभ आहे.

प्रश्न : लढाई मकर संक्रांतीलाच झाली ना? – एक वाचक, पुणे

उत्तर : नाही. तारीख १४ जानेवारीच होती, पण तिथी पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२, आणि वार बुधवार. सूर्याचे मकरसंक्रमण सुमारे ७० वर्षांत एक दिवस पुढे सरकते. त्यामुळे १७६१ साली संक्रांत १० जानेवारीच्या आसपास, म्हणजे लढाईच्या तीन-चार दिवस आधीच होऊन गेली होती. उपाशी छावणीत ती कशी साजरी झाली असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

सांगलीच्या वाचिकेसाठी एवढे जोडतो. १४ जानेवारीला काला आंब येथे मोठी गर्दी असते. हरियाणातल्या रोड समाजाचे लोक स्वतःला पानिपतानंतर तिथेच राहिलेल्या मराठ्यांचे वंशज मानतात आणि त्या दिवशी तिथे जमतात. शांतपणे मैदान पाहायचे असेल, तर दोन दिवस उशिरा जावे. दिल्लीहून अंतर ९० किलोमीटर असले तरी धुक्यामुळे सकाळची गाडी हमखास उशिरा पोहोचते. ऊन पडल्यावर, अकरानंतरच स्मारकाकडे निघावे. गर्दीच्याच दिवशी जाणार असाल, तर तिळगुळाचा डबा थोडा मोठा घ्या, कारण मराठी बोलणे कानावर पडताच चार अनोळखी माणसे येऊन विचारपूस करतात आणि रिकाम्या हाताने उभे राहायला अवघड वाटते.