समुद्रातलं प्रदूषण मासळीतून पुण्यातल्या ताटापर्यंत पोहोचतं का?

पोहोचतं, पण सगळं नाही. सांडपाण्यातून आणि खतांतून येणारा नायट्रोजन-फॉस्फरस माशाच्या अंगात साठून आपल्याला बाधत नाही. त्यानं शेवाळ माजतं, ते कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि मासळी मरते. उजनीचं हिरवं पाणी पाहिलंय ना? तोच प्रकार, आणि त्यात आपल्या मुळा-मुठेचा मोठा वाटा आहे.

खरी काळजी जड धातूंची. पारा, शिसं, कॅडमियम कुजून नाहीसे होत नाहीत. जिवाणू पाऱ्याचं मिथिल पाऱ्यात रूपांतर करतात आणि लहान माशाकडून मोठ्या माशाकडे तो वाढत जातो. १९५६ मध्ये जपानमधल्या मिनामाटात उघडकीस आलेला आजार याच विषामुळे झाला होता.

म्हणून गणेश पेठेत मासळी घेताना मोठी सुरमई वरचेवर नको. घरात कुणी गरोदर असेल किंवा लहान मुलं असतील तर मोरी (शार्क) टाळाच. बांगडा, मांदेली, तारली खुशाल घ्या. खेकड्याच्या कवचाखालचा तपकिरी मऊ भाग काढून टाका, कॅडमियम तिथं जास्त साठतं. तिसऱ्या आणि कालवं पाणी गाळून जगतात, त्यामुळे कारखान्यांजवळच्या खाडीतली नकोत. आणि कृपया लक्षात घ्या, मीठ-हळद चोळून किंवा उकळून धातू जात नाहीत.