फराळाची ऑर्डर आणि एजंटचे अठरा हजार

प्रश्न : मी भांडुपला राहते, तीन वर्षं घरीच चकली, चिवडा, बेसनाचे लाडू करून ओळखीच्यांना देते. आता दादरच्या एका दुकानदाराने दिवाळीसाठी पॅकिंगमधला माल मागितलाय, पण म्हणतो आधी लायसन्स दाखवा. एजंट म्हणतो गुमास्ता, उद्यम, जीएसटी, फूड लायसन्स सगळं मिळून अठरा हजार. एवढं खरंच लागतं का? आणि घर सासूबाईंच्या नावावर आहे, त्याचं काय?

उत्तर : ताई, एजंटला आधी नमस्कार करून वाटेला लावा. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंद, फुकट आहे, आधार-पॅन टाकून स्वतःच करायची, फक्त साइटच्या शेवटी जीओव्ही डॉट इन आहे ना ते बघा, कारण तशाच दिसणाऱ्या खाजगी साइटी पैसे उकळतात. जीएसटी तर तुम्हाला आत्ता नकोच, माल महाराष्ट्रातच विकताय आणि उलाढाल ४० लाखांच्या आत आहे तोवर.

खरं लागतं ते एफएसएसएआय, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नोंद, एजंटच्या यादीतलं 'फूड लायसन्स' ते हेच. तुमच्यासारख्या छोट्या उलाढालीला लायसन्स नाही, नुसतं रजिस्ट्रेशन, फी वर्षाला १०० रुपये, अर्ज त्यांच्याच फॉसकॉस पोर्टलवर. जागेच्या पुराव्यासाठी सासूबाईंचं साधं संमतीपत्र आणि लाईट बिल जवळ ठेवा.

गुमास्ता म्हणजे दुकान-धंद्याची नोंद, शॉप अ‍ॅक्ट. २०१७ च्या कायद्यात २०२५ साली झालेल्या बदलाप्रमाणे २० पेक्षा कमी माणसं कामाला असतील तर नुसतं ऑनलाइन कळवायचं आणि पावती घ्यायची. तेवढं करून ठेवा, कारण करंट अकाउंट उघडायला गेलात की बँकवाले अजूनही गुमास्ताच मागतात!

आता जिथे लोक हमखास अडकतात ते, लेबल. पाकिटावर घटक पदार्थ, निव्वळ वजन, एमआरपी, पॅकिंगची तारीख, कधीपर्यंत खायचं ते, तुमचं नाव-पत्ता, तक्रारीसाठी फोन, शाकाहारीचा हिरवा ठिपका आणि एफएसएसएआयचा १४ आकडी नंबर, एवढं सगळं हवं. काटा वैधमापनवाल्यांचा, म्हणजे वजनमापं तपासणाऱ्या सरकारी खात्याचा, शिक्का असलेलाच वापरा, आणि पाकिटं भरून विकणार म्हणजे पॅकर म्हणून त्यांच्याकडेही नोंदणी करावी लागते, हे एजंटच्या यादीत नव्हतंच बघा.

आणखी एक, घरचा लाल सिलेंडर धंद्याला वापरता येत नाही, कमर्शियल घ्या. सोसायटीच्या सेक्रेटरीशीही आधीच बोलून घ्या, पहाटे पाचला तळणीचा वास गेला की पहिली तक्रार शेजारचेच करतात. पुढे वेगळा गाळा घेऊन मोठं काम काढलंत तर पालिकेच्या एस वॉर्ड ऑफिसात, भांडुप त्याच वॉर्डात येतं, जाऊन पालिका कायद्याच्या ३९४ कलमाखालच्या धंद्याच्या परवान्याचं विचारा, आत्ता त्याचा घोर लावून घेऊ नका.

अर्ज मात्र गणपतीतच टाका. एफएसएसएआयचा नंबर हातात आल्याशिवाय लेबल छापता येत नाही, आणि दसऱ्यानंतर प्रेसवाला दारात उभं करत नाही.