आधी खुंट बघ, मग रोपं आण
भाऊ, उजाड डोंगरावर झाडं लावायची म्हणतोस, तर रोपांची ऑर्डर द्यायच्या आधी उन्हाळ्यात डोंगर पायी फिरून बघ. तोडलेला पळस, धावडा मेला असं वाटतं पण मुळं जिवंत असतात, चराई आणि कुऱ्हाड बंद झाली की खुंटातूनच फुटवे येतात, आमच्या येडशीकडं एका पळसाला मी अकरा मोजले, तीन जोमदार ठेवले, बाकी छाटले. झाडं हवेतला कार्बन किती धरून ठेवतात म्हणशील तर वाळल्या लाकडात निम्म्याच्या आसपास कार्बनच असतो, १ किलो कार्बन म्हणजे हवेतला ३.६७ किलो कार्बन डायऑक्साइड. पण मार्चमधे वणवा लागला की त्यातलं बरंच परत हवेत जातं, म्हणून जाळरेषा (आग पुढं सरकू नये म्हणून गवत काढून मोकळा ठेवलेला पट्टा) जानेवारीतच काढून घे. आणि नुसतं गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया, झटपट वाढणारं परदेशी झाड) लावू नको रे, खैर, अंजन, बेल, सीताफळ असं मिसळूनच लाव.